चौथ्या दिवसाची कळ

पुणे,
श्रावणातला तिसरा सोमवार

ती. ताईस,


परवा फोनवर तू विचारलंस, "एवढं काय झालं होतं तिला? साधी दाढच ना?" तेव्हा तुझी लेक शेजारीच बसली होती आणि 'काही नाही म्हणून सांग' असं हाताने खुणावत होती. म्हणून हे पत्र. तिच्या दाढेची हकीकत पहिल्यापासून तुला कळायला हवी, आणि तिच्या तोंडून ती कधीच कळणार नाही याची आता खात्री पटली आहे.

जपानी भाषेत अक्कलदाढेला 'ओयाशिराझु' म्हणतात. म्हणजे आईबापांना ठाऊक नसलेली. बाळाचा पहिला दात आईच्या बोटाला लागतो, पण ही दाढ येते साधारण सतराव्या ते पंचविसाव्या वर्षाच्या दरम्यान, लेकरू घराबाहेर पडल्यावर. आपण तिच्या नावात अक्कल घातली, लॅटिनमध्येही तिला शहाणपणाचाच दात म्हणतात आणि कोरियात ती प्रेमाची दाढ आहे. तुझ्या लेकीच्या बाबतीत मात्र जपान्यांचंच नाव खरं ठरलं.

पहिला ठणका लागला तो मार्गशीर्षात. उजवीकडे खाली, अगदी शेवटी हिरडी सुजली, तोंड उघडेना, गिळताना कळ थेट कानात जाई. तुला तिने 'घसा धरलाय' एवढंच सांगितलं होतं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पाच दिवसांची अँटिबायोटिक्स दिली, सूज उतरली, विषय मिटला. माघात पुन्हा तेच. आषाढात तिसऱ्यांदा. यात तिच्या दात घासण्याचा काही दोष नव्हता. दाढ अर्धीच वर आली की तिच्या डोक्यावर हिरडीची एक झाकणी उरते. त्या झाकणीखाली पोळीचा कण, भाजीचा तुकडा जाऊन बसतो आणि ब्रश तिथवर पोचत नाही. जंतू वाढतात, हिरडी फुगते, आणि फुगलेल्या हिरडीवर वरची दाढ प्रत्येक घासाला आपटत राहते. औषधाने सूज उतरली तरी झाकणी जागच्या जागीच असते. म्हणून दुखणं काही महिन्यांनी परत उभं राहतं.

हे दुखणं आजकालचं नाही. जबड्याच्या शेवटच्या दाढेपाशी मोठी सूज, जबर वेदना आणि तोंडातून लाळ, अशी लक्षणं सांगून सुश्रुताने त्याला 'अधिमांस' असं नाव दिलं आणि ते मांस शस्त्राने कापून काढायला सांगितलं. त्याच्याकडे एक्स-रे नव्हता, बधिर करायचं इंजेक्शन नव्हतं. नुसतं बघून, बोट लावून त्याने हे लिहिलं, याचं फार कौतुक वाटतं.

तिसऱ्या खेपेनंतर तिला सर्जनबाईंकडे नेलं. त्यांनी ओपीजी काढायला सांगितला. दोन्ही जबडे एकाच फोटोत दिसतात असा तो एक्स-रे. उजेडावर धरल्यावर कुणालाही समजावं असं चित्र होतं. बाकीच्या दाढा शाळेच्या रांगेतल्या मुलांसारख्या ताठ उभ्या, आणि ही एक आडवी झोपलेली, डोकं पुढच्या दाढेच्या कमरेला टेकवून. दोघींच्या फटीत पुढच्या चांगल्या दाढेला कीड धरायला लागली होती. खाली, मुळांच्या जवळून, एक बारीक पट्टा गेलेला दिसत होता. ती खालच्या जबड्यातल्या नसेची वाट. खालच्या ओठाची आणि हनुवटीची संवेदना त्या नसेवर चालते. मुळं तिला चिकटून असली तर दाढ काढताना नस दुखावते आणि ओठ काही आठवडे, क्वचित कायमचा, बधिर राहतो. आपल्या मुलीच्या मुळांत आणि नसेत पुरेसं अंतर होतं. बाईंनी ते पेन्सिलीच्या टोकाने दाखवलं आणि मगच कागदावर सही घेतली.

तू विचारलंस, मग उरलेल्या तिन्ही पण काढून टाकायच्या का? नाही. वरच्या दोन सरळ आल्यात, डावीकडची खालची हाडात गाढ झोपलेली आहे आणि तिचा काही त्रास नाही. ब्रिटनमध्ये पूर्वी अशा न दुखणाऱ्या दाढाही सर्रास काढत असत. २००० साली तिथल्या 'नाइस' या सरकारी संस्थेने, दाढेला काही आजार नसेल तर नुसती अडकली आहे म्हणून ती काढायची प्रथा बंद करावी, असं स्पष्ट सांगितलं. वारंवार सूज, पू, कीड, गाठ असं कारण असेल तरच काढायची. हिच्याकडे त्यातली दोन कारणं होती. डावीकडच्या दाढेवर अधूनमधून लक्ष ठेवायचं, बस्स.

गुरुवारी दुपारी दाढ काढली. त्याबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यात दुखण्यासारखं खरंच काही नव्हतं. लिग्नोकेनच्या इंजेक्शनने अर्धा जबडा, अर्धी जीभ बधिर झाली. हिरडी थोडी उघडून, थोडं हाड कोरून, दाढेचे दोन तुकडे करून त्यांनी ती चाळीस मिनिटांत बाहेर काढली आणि काळ्या रेशमाचे तीन टाके घातले. १८४४ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावात होरेस वेल्स नावाच्या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून स्वतःची दाढ उपटून घेतली आणि वेदनेशिवाय दाढ निघते हे पहिल्यांदा आपल्याच तोंडावर पडताळून पाहिलं. लिग्नोकेन त्याच्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९४३ साली, स्वीडनमध्ये तयार झालं. दाढ काढतानाची वेदना या लोकांनी संपवली. नंतरचे दिवस मात्र अजून पुष्कळ घरांत नशिबावर सोडलेले असतात, आणि मला तुला लिहायचंय ते त्याबद्दल.

पहिली चूक त्याच संध्याकाळी झाली. बाईंनी बजावलं होतं, बधिरपणा उतरायच्या आत पहिली गोळी घ्या. घरी आली तेव्हा साडेचार वाजले होते. तोंडात गॉझचा बोळा दाबून धरलेला, गाल जड, पण दुखत काहीच नव्हतं. गोळी पुढे केली तर मान हलवली, वहीवर लिहून दाखवलं: 'आत्ता दुखत नाही. उगाच कशाला?' सात वाजता ती खोलीतून बाहेर आली तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. गोळी घेतली, पण गोळीचा असर व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि तो पाऊण तास तिने भिंतीला डोकं लावून उभ्याने काढला.

वेदना एकदा चढली की तिला उतरवायला जास्त औषध आणि जास्त वेळ लागतो. चढायच्या आत अडवली तर थोडक्यात भागतं. म्हणून पहिले दोन-तीन दिवस गोळी 'दुखेल तेव्हा' नाही, घड्याळाप्रमाणे घ्यायची. जेवणानंतर, ठरलेल्या तासांनी, रात्रीचीसुद्धा. आपल्या घरांत गोळी न घेणं हा एक गुण समजला जातो. तो गुण इतर वेळी असेल. या दोन दिवसांत नाही.

कोणती गोळी, यावर तर जगात अक्कलदाढेइतका अभ्यास दुसऱ्या कुठल्या दुखण्यात झाला नसेल. वेदनाशामक औषधं तपासून बघायला डॉक्टर मुद्दाम हेच रुग्ण निवडतात. माणसं तरुण आणि निरोगी असतात, जखम साधारण सारखी असते आणि वेदना केव्हा सुरू होणार हे आधी ठाऊक असतं. २०१३ साली कॉक्रेन या संस्थेने अशा ७ चाचण्यांमधल्या २,२४१ रुग्णांचा एकत्र आढावा घेतला. ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन हे १,००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलपेक्षा सरस ठरलं, आणि दोन्ही मिळून दिली तर त्याहून बरा आराम पडला. आपल्याकडे घरोघरी असते ती कॉम्बिफ्लाम म्हणजे हीच जोडी, ४०० आणि ३२५ च्या प्रमाणात. मात्र ही माहिती वाचून कुणी आपल्या मनाने गोळ्या घेऊ नयेत. ज्याला आम्लपित्ताचा, दम्याचा, मूत्रपिंडाचा त्रास आहे, रक्त पातळ करायचं औषध चालू आहे, त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय आयबुप्रोफेनला हात लावायचा नाही. आणि अँटिबायोटिक ही वेदनाशामक गोळी नव्हे, हे तुझ्या शेजारच्या काकूंनाही सांग. दाढ दुखली की त्या कपाटातली उरलेली कॅप्सूल घेतात.

न्यू जर्सीच्या आपल्या चुलतभावाचा फोन आला होता. त्याने विचारलं, "तिला हायड्रोकोडोन नाही दिलं?" तिकडे वर्षानुवर्षं दाढ काढली की अफूच्या कुळातल्या गोळ्यांची चिठ्ठी हातात मिळत असे. मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१८ साली १३ ते ३० वयाच्या अशा हजारो मुलामुलींची नोंद तपासली. ज्यांनी दाढेनंतर ती चिठ्ठी वठवली त्यांच्यात पुढे कित्येक महिने तसल्या गोळ्या चालू राहण्याचं प्रमाण इतरांच्या अडीचपटीहून अधिक निघालं. आपल्या मुलीचं साध्या गोळ्यांवर भागलं.

शुक्रवार, शनिवार मी रजा घेतली. पहिल्या दिवशी दर वीस मिनिटांनी बर्फ, पंचात गुंडाळून, गालावर. मग वीस मिनिटं विश्रांती. बर्फाचा उपयोग पहिल्या दिवसापुरताच. चोवीस तासांनंतर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चूळ, तीही खळखळून नाही. पाणी तोंडात घ्यायचं, मान एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला कलवायची आणि बेसिनमध्ये नुसतं सोडून द्यायचं. थुंकायचं नाही. झोपताना डोक्याखाली दोन उशा, कारण आडवं पडलं की डोक्याकडे रक्त वाढतं आणि ठणका वाढतो.

थुंकायचं का नाही, हे तिला समजलं तेव्हा तिने मन लावून पाळलं. दाढ निघाल्यावर जो खड्डा उरतो त्यात रक्त साकळून गुठळी बसते. ती गुठळी म्हणजेच त्या जागेची मलमपट्टी. तिच्याखाली हाड आणि नसांची टोकं झाकलेली असतात, तिच्यातूनच पुढे नवं मांस भरतं. जोरात थुंकलं, स्ट्रॉने ओढलं, विडी ओढली की तोंडात ओढ तयार होते आणि गुठळी सुटून येऊ शकते. शेजारणीने शहाळं आणलं, त्यात स्ट्रॉ खुपसलेली. आमच्या सासूबाईंनी ती उपटून टाकली आणि पाणी वाटीत ओतून चमच्याने पाजलं. तंबाखू आणि मशेरीही त्या जखमेला तितकीच घातक. आपल्याकडे दाढ दुखली की बायका तिथे मशेरी दाबून ठेवतात. काढलेल्या दाढेवर ती चुकूनही लागता कामा नये.

खाण्याचं म्हणशील तर तुझ्या स्वयंपाकाची आठवण रोज निघाली. तांदळाची पेज, मेतकूट-तूप घातलेला अगदी गुरगुट्या भात, मुगाचं कढण, नाचणीची थंड आंबील, ताक, कुस्करलेलं केळं. सगळं कोमट किंवा गार. तिखट नाही. राजगिरा, तीळ, खसखस नाही, कारण बारीक दाणे खड्ड्यात जाऊन बसतात.

शनिवारी गाल सर्वांत जास्त सुजला. बाईंनी आधीच सांगितलं होतं की सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचते, घाबरू नका. तोंड जेमतेम एक बोट उघडत होतं. एरवी आपली तीन बोटं उभी मावतात. तेही अपेक्षितच होतं. चावण्याचे स्नायू आखडतात आणि हळूहळू सुटतात. शनिवारी रात्री ती म्हणाली, "मावशी, उतरतंय गं." आणि खरंच उतरत होतं.

ताई, आता पुढचं जरा सावकाश वाच.

रविवारी संध्याकाळपासून ती गप्प झाली. विचारलं की 'झोप येतेय'. सोमवारी सकाळी पेज समोर ठेवली तर म्हणाली, "आज श्रावणी सोमवार आहे. मी उपास धरते." जिने जन्मात एकादशी केली नाही, तिला अचानक उपास! सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी चष्मा लावला, तिच्यासमोर पाट ओढून बसल्या आणि नुसतं बघत राहिल्या. मग मला हाक मारली. "हिचा हात बघ कुठे जातोय." तिचा हात गालावर नव्हता, कानावर होता. मान उजवीकडे कललेली. गालाची सूज तर कालच्यापेक्षा कमी दिसत होती. सासूबाईंनी तिला तोंड उघडायला लावलं, जवळ जाऊन वास घेतला आणि म्हणाल्या, "आत काहीतरी बिघडलंय."

तेव्हा ती रडली. रविवार असल्याने दवाखाना बंद असेल, मावशीला परत रजा टाकावी लागेल, दाढ काढून चार दिवस झाल्यावर आता काय दुखायचंय असं सगळे म्हणतील, म्हणून रात्रभर तिने उशीचा अभ्रा दातांत धरून काढली होती. डाव्या दातांत. गोळीचा उपयोगच होत नव्हता. आणि हे सगळं तिने आमच्यापासून दोन दारं पलीकडे सोसलं.

सासूबाईंनी फडताळातून लवंगेच्या तेलाची बाटली काढली. कापसाचा बोळाही केला. मी म्हटलं, आधी विचारू. सर्जनबाईंना फोन लावला, त्या एवढंच म्हणाल्या, "काही लावू नका. घेऊन या."

याला ड्राय सॉकेट म्हणतात. कोरडा खड्डा. गुठळी सुटते किंवा विरघळून जाते, आणि खालचं हाड उघडं पडतं. हवा लागली, पाणी लागलं, जीभ लागली तरी कळ उठते आणि ती कानाकडे, कानशिलाकडे पसरते. तोंडाला वास येतो. याची खूण ठरलेली असते: दोन-तीन दिवस उतरत आलेली वेदना तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा उसळते, आधीपेक्षा जबर. साधी दाढ काढल्यावर हे शंभरात एक ते पाच जणांना होतं. खालच्या अडकलेल्या अक्कलदाढेच्या बाबतीत मात्र हा आकडा काही नोंदींमध्ये तिसापर्यंत जातो. धूम्रपान करणाऱ्यांना, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांना धोका जास्त. पण यातलं काहीच न करता, सगळं पथ्य पाळूनही ते होतं, आणि हिला तसंच झालं. "माझं काही चुकलं का?" असं तिने विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "तुझी चूक एकच. काल फोन केला नाहीस."

उपचार पंधरा मिनिटांचा होता. तो मी अगदी जवळून पाहिला. कोमट सलाइन सिरिंजमध्ये भरून त्यांनी खड्डा हळूहळू धुतला. आतून भाताची दोन शितं आणि करडा गाळ आला. खड्डा आरशात दाखवला. बाकीची हिरडी लाल, आणि तिच्या मधोमध हाडाचा एक फिकट, कोरडा ठिपका. तेवढ्याशा ठिपक्यापायी तिची अख्खी रात्र गेली होती. मग गॉझची एक अरुंद पट्टी औषधात बुडवून चिमट्याने घडी घालत घालत आत बसवली. खोलीभर वास पसरला, आणि दारात उभ्या असलेल्या सासूबाई म्हणाल्या, "ही तर लवंग!"

लवंगच होती. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल नावाचं द्रव्य नसेची टोकं बधिर करतं, आणि जगभरचे दंतवैद्य ड्राय सॉकेटवर तेच वापरतात. फरक मात्रेचा आणि वेळेचा आहे. शुद्ध तेल उघड्या मांसावर पडलं तर मांस भाजतं. ताज्या जखमेत, गुठळी धरत असताना बोळा खुपसला तर गुठळीच निघते. बाईंनी हे सासूबाईंना खुर्ची देऊन, बसवून, आदराने समजावलं. त्यांचं औषध खोटं ठरवलं नाही. फार बरं वाटलं बघ.

घड्याळात बघितलं होतं. पट्टी बसल्यानंतर अकराव्या मिनिटाला तिचे खांदे खाली आले. घरी येईस्तोवर रिक्षात झोपली होती. बुधवारी आणि शुक्रवारी पट्टी बदलली, शुक्रवारीच टाके काढले. त्यानंतर कळ उठली नाही.

आणखी एक गोष्ट तुला सांगायचीय. १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जॉन लेव्हिन, न्यूटन गॉर्डन आणि हॉवर्ड फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग केला. काही जणांना वेदनाशामक म्हणून असं इंजेक्शन दिलं ज्यात औषधच नव्हतं. तरी त्यातल्या काहींची वेदना उतरली. मग त्यांना नॅलोक्सोन दिलं, जे मॉर्फीनचा परिणाम पुसून टाकतं. त्यांची वेदना पुन्हा चढली. म्हणजे पहिला आराम हा मनाचा खेळ नव्हता. 'आपल्यावर उपचार होतोय' एवढ्या जाणिवेने शरीराने स्वतःचं मॉर्फीनसारखं द्रव्य सोडलं होतं. पुढे १९८४ साली त्याच गटाने दाखवलं की डोळ्यांदेखत दिलेलं नुसतं सलाइन हे रुग्णाच्या नकळत दिलेल्या ६ ते ८ मिलिग्रॅम मॉर्फीनइतका आराम देऊ शकतं.

हे वाचल्यापासून सासूबाईंचं ते पाट ओढून समोर बसणं डोळ्यांसमोरून हलत नाही. दुखणाऱ्या माणसाजवळ बसणं, 'दुखतंय ना, खरंय' असं म्हणणं, हे औषधाच्या जोडीला खरोखर काम करतं. आणि उलटही तितकंच खरं असणार. ज्याला आपलं दुखणं लपवावं लागतं त्याला औषधाचाही पुरता गुण येत नसेल, असं माझं मत झालंय.

तुला राग येईल, पण लिहिते. ही जन्मल्यावर चार महिन्यांनी तू दाढ काढून घेतलीस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर पाणी ओढत होतीस, हे आपल्या घरात सगळ्यांना पाठ आहे. तुझ्या लेकीलाही. त्या सोमवारी रिक्षातून जाताना ती तेच म्हणाली, "आई तर दुसऱ्या दिवशी पाणी भरत होती." तुझं सोसणं तिने आपल्या दुखण्याची मोजपट्टी केली आहे. तू पाणी भरत होतीस कारण भरायला दुसरं कुणी नव्हतं. ते कौतुकाने सांगण्यासारखं नव्हतं गं ताई, कुणीतरी तुझ्या हातातली कळशी घ्यायला हवी होती. मी तेव्हा दहावीत होते आणि मीही घेतली नाही.

पुढची काळजी थोडीच. खड्डा अजून आहे, त्यात कण अडकतात म्हणून जेवणानंतर वाकड्या तोंडाच्या सिरिंजने कोमट मीठपाण्याने धुवावा लागतो. ती स्वतः करते. वरची हिरडी महिन्याभरात मिटेल, आतलं हाड भरायला चार ते सहा महिने लागतील. तोंड आता अडीच बोटं उघडतं. ताप आला, गिळायला त्रास झाला, हनुवटीखाली किंवा गळ्याकडे सूज उतरली, तर घरात थांबायचं नाही. रात्र असली तरी थेट मोठ्या रुग्णालयात. खालच्या दाढांचं विष जिभेखाली आणि गळ्यात उतरून श्वास कोंडू शकतो. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरने १८३६ साली त्याचं वर्णन केलं आणि तो आजार अजून माणसं नेतो. हिला तसलं काही नाही, पण तू गावातल्या सगळ्यांची मोठी ताई आहेस, तुला ठाऊक असलेलं बरं.

गणपतीला ती येतेय. उकडीचे मोदक खुशाल दे, तिला ते मऊ पडतील. चकली, कडक लाडू आणि भाजलेले शेंगदाणे मात्र यंदा नकोत, आणि काकूंनी आग्रह केला तरी नकोत. ती आल्यावर तिला 'दुखतंय का' असं विचार. ती 'नाही' म्हणेल. मग हातातलं काम खाली ठेव, तिच्यासमोर बस आणि परत एकदा विचार.

सासूबाईंनी तुला आशीर्वाद सांगितलाय. भाऊजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी